हिरव्या वसईचं पाणी

उत्तन-विरार सागरी सेतू आणि त्याला वसईतून मिळणारा जोडरस्ता यांच्या बातम्या सुरू झाल्या आणि 'मुंबईहून इतक्या मिनिटांत वसई' असे हिशेब मांडले जाऊ लागले. खरं तर वसई आजही लांब नाही. चर्चगेटपासून वसई रोड स्टेशन जेमतेम 52 किलोमीटर. पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षा धरली, की इमारतींची दाटी मागे पडते आणि गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, वाघोली अशी गावं सुरू होतात. केळीच्या बागा, पानवेली, सोनचाफा, मोगरा. इथली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. निर्मळच्या यात्रेत राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी मिळतात. सामवेदी, वाडवळ, कुपारी ख्रिस्ती अशा अनेक समाजांची घरं इथे वाड्यांमधून शेजारी-शेजारी आहेत.

चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेला किल्ला बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मला लिहायचंय ते बावखलाबद्दल. पर्यटक त्याला डबकं समजून पुढे जातात आणि माझ्या मते तिथेच वसईची निम्मी गोष्ट त्यांच्या हातून सुटते.

बावखल म्हणजे वाडीजवळ खोदलेलं, पसरट, उथळ तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना केळी गोड्या पाण्यावर कशी पिकतात, याचं उत्तर त्यात आहे. रेताड जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी राहू शकतं. हीच पातळी अर्ध्या मीटरने उतरली, तर खालचा थर कालांतराने 20 मीटरवर येतो. म्हणजे वरून थोडं जास्त उपसलं तरी खालून खारं पाणी वर चढतं.

दुधावरची साय अलगद काढावी, तसं बावखल या थराचं फक्त वरचं पाणी घेतं. पूर्वी बैल किंवा रेडा जुंपलेल्या रहाटाने ते उपसलं जाई. रहाट संथ, त्यामुळे झिरपून पाणी परत भरायला वेळ मिळे. शिवाय पावसाळ्यात हीच तळी आजूबाजूचं पाणी पोटात घेत आणि जमिनीत मुरवत. शेतीचं पाणी आणि पुराचा बंदोबस्त, दोन्ही एकाच खड्ड्यात!

मग विजेचे पंप आले, कूपनलिका आल्या, नव्या इमारतींना पाणी पुरवणारे टँकर आले. या उपशाविरुद्ध आणि बिल्डरांच्या आक्रमणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारलं. त्याचं नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण जुलै 2024 मध्ये ते गेले, तेव्हा वसईच्या वाड्यांनी आपला सर्वांत ठाम वकील गमावला. आज दिसणारा हिरवा पट्टा आपोआप टिकलेला नाही. तो मोर्चे काढून, दहशत सोसून राखलेला आहे.

2009 मध्ये इथे महापालिका झाली तेव्हाही गावांनी विरोध केला. 29 गावं वगळण्याचा निर्णय 2011 मध्ये सरकारने घेतला, तो न्यायालयात अडकला आणि गावं महापालिकेतच राहिली. मला विचाराल तर गाव महापालिकेत की ग्रामपंचायतीत, यापेक्षा बावखल जागेवर आहे की नाही, हा प्रश्न मोठा आहे. तळं भराव टाकून बुजवलं की प्लॉट तयार होतो, आणि बुजवलेल्या तळ्याचं पाणी पावसाळ्यात कुणाच्या तरी घरात शिरतं. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, तेव्हा सगळा दोष पावसाला देऊन मोकळं होता येत नव्हतं.

सागरी सेतूने मुंबईकरांचा वेळ वाचेल, हे मान्य. पण रस्ता येतो तिथे जमिनीचा भाव आधी पोहोचतो. म्हणून जोडरस्त्याची आखणी पक्की होण्याआधी प्रत्येक बावखलाची मोजणी करा, त्याची पाणवठा म्हणून अधिकृत नोंद करा आणि भराव टाकणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. खासगी मालकीचं तळं राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा मोबदलाही द्या, कारण ते पाणी तो साऱ्या गावासाठी राखतो.

आणि वाचकहो, वसईला जरूर जा. लोकलने जा, वाडीत शिरण्याआधी विचारा, फुलं आणि केळी तिथेच विकत घ्या. फक्त 'इथे एखादा सेकंड होम प्लॉट मिळेल का' एवढं विचारू नका.