अँटेनाच्या मॉडेलमध्ये फीड पॉइंट नेमका कुठे बसतो?

हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडसाठी गच्चीवर 20 मीटरची वायर ताणायची आहे आणि केबल टोकापासून 4 मीटरवर जोडायची आहे. आधी लॅपटॉपवर मॉडेल करून बघू म्हणून तुम्ही 4नेक2 किंवा ईझीनेक उघडता. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींच्या आत ‘नेक’ हेच गणित चालतं.

नेक वायरचे छोटे तुकडे करतं, त्यांना सेगमेंट म्हणतात. सोर्स, म्हणजे केबल जोडायची जागा, नेहमी एखाद्या सेगमेंटच्या मधोमध बसतो. तुम्ही काहीही टाइप करा, तो सरकून जवळच्या मध्यावर जातो. ईझीनेक निदान सांगितलेली आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही जागा शेजारी दाखवतं. तो रकाना बघायची सवय लावा.

आपल्या वायरचे 11 सेगमेंट केले, तर जवळचा मध्य 4.55 मीटरवर येतो. अर्धा मीटर म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण अर्ध्या तरंगलांबीच्या वायरमध्ये करंट मधोमध सर्वात जास्त असतो आणि टोकाकडे शून्यावर येतो. त्यामुळे टोकाकडे जाल तसा इम्पीडन्स झपाट्याने चढतो. जमिनीचा परिणाम सोडला, तर 4 मीटरवर साधारण 208 ओहम आणि 4.55 वर 168. चारास एकचा बालन लावला की पहिले 52 होतात, 50 ओहमच्या केबलला अगदी चपखल. दुसरे मात्र 42. म्हणजे चांगल्या जागेला मॉडेल उगाच नापास करतं.

मग सेगमेंट वाढवायचे? चूक कमी होते, जात नाही. समान तुकडे कितीही करा, 20 टक्क्यांवर मध्य कधीच येत नाही. 25 केले तर 4 मीटरवर चक्क सांधा येतो!

माझा आवडता उपाय सोपा आहे. वायर 8 आणि 12 मीटर अशी दोन भागांत द्या. 8 मीटरला 21 सेगमेंट, सोर्स अकराव्यात: बरोबर 4 मीटर. 12 मीटरला 31 द्या, म्हणजे दोन्हीकडचे तुकडे 38-39 सेंटिमीटरचे, जवळपास सारखे राहतात. सोर्सच्या शेजारी लहान-मोठे तुकडे नेकला मानवत नाहीत.

एम्माना-गाल वापरत असाल तर मात्र सांभाळून. ते मिनिनेकवर चालतं आणि तिथे सोर्स सांध्यावर बसतो. म्हणून 8 मीटरला 21 नाही, 20 सेगमेंट द्या.