जुनी गाडी, आपला पाना (भाग ७) : दोन्ही पट्टे

गाडी घेतली तेव्हा कागदपत्रांच्या फायलीत एक पावती होती. 'टायमिंग बेल्ट बदलला' असं तिच्यावर स्वच्छ जर्मनमध्ये लिहिलेलं, खाली तारीख, शिक्का आणि सही. ती वाचून मी निर्धास्त झालो आणि तीन वर्षं या विषयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेखमालेत या पट्ट्याची पाळी सातव्या भागात येते आहे. खरं तर ती पहिल्या भागात यायला हवी होती.

गाडी आता तुमच्या ओळखीची आहे : १९८६ ची पोर्शे ९४४. चार सिलिंडर, २,४७९ सीसी, १६३ अश्वशक्ती. श्टुटगार्टची म्हणून मिरवते, पण जन्म नेकारझुल्मचा, आऊडीच्या कारखान्यातला. तिच्या इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, प्लॅस्टिकच्या झाकणाआड, एकापुढे एक असे दोन दातेरी पट्टे आहेत. मागचा टायमिंगचा, पुढचा बॅलन्स शाफ्टचा.

आधी मागचा. पिस्टन खालीवर करतो क्रँकशाफ्ट, आणि हवा-पेट्रोल आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो वरचा कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक झाली पाहिजे, तीही नेमकी. इंजिन सहा हजार आरपीएमला पोचलं की एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नासदा उघडून मिटत असतो. पिठाच्या गिरणीतला जुना चपटा पट्टा आठवा. लोड आला की तो घसरायचा, गिरणीवाला त्याच्यावर राळ टाकायचा, आणि दळण पुढे चालू. इथे घसरायची सोय नाही, म्हणून पट्ट्याला आतून दात.

आणि तरीही तो तुटला, किंवा चार दात सरकला तर? काही इंजिनं नुसती बंद पडतात. ९४४ चं तसं नाही. दोघीजणी एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात ते पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. ताल आहे तोवर सगळं गोड, आणि ताल चुकला की मुसळावर मुसळ. या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह जिथवर खाली येतो तिथवरच पिस्टनही वर येतो, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा गेला की व्हॉल्व्ह उघडे राहतात, पिस्टन खालून येऊन आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवायचं, आणि बिल एवढं की बहुतेक जण गाडीच विकून टाकतात.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. व्हिडिओ कॉलवर त्यांना झाकणाआतलं दाखवलं, तर ते क्षणभर गप्पच झाले.

"रबराचा? आमच्या डिझेल इंजिनात गिअर असायचे. लोखंडाला लोखंड. आणि तुमच्या पोर्शेनं सगळं या नाडीवर सोपवलंय?"

"बाबा, चाळीस वर्षं चाललंय ना."

"चाललंय म्हणजे कुणीतरी वेळेवर बदललाय. ऐक, पाना हातात घ्यायच्या आधी पांढऱ्या रंगानं खुणा करून ठेव. कंपनीच्या खुणा असतीलच, तरी आपल्या कर. त्यांच्या शोधाव्या लागतात, आपल्या दिसतात."

गिअर टिकतात, पण आवाज करतात आणि महाग पडतात. साखळीला तेल लागतं. पट्टा स्वस्त, हलका, शांत, आणि कोरडाच चालतो. तो गाड्यांत रुळवला त्याचं श्रेय बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंगच्या ग्लास या लहानशा कंपनीला. मुळात शेतीची यंत्रं बनवणारी माणसं ती, पण १९६२ च्या ग्लास १००४ मध्ये त्यांनी कॅमशाफ्टला दातेरी पट्टा लावून दाखवला. पुढे बीएमडब्ल्यूनं कंपनीच विकत घेतली. आपल्याकडच्या मारुती ८०० मध्येही तोच प्रकार होता. लाखो लोकांनी तो पट्टा कधीही न बघता वर्षानुवर्षं गाडी चालवली.

न बघता, हीच यातली गोम. आणि बघूनही फारसं काही कळत नाही. रबराच्या पोटात काचेच्या तंतूंचे दोर असतात, ताण ते सोसतात. ते थकले तर वरून दिसत नाही. म्हणून हा पट्टा कॅलेंडर बघून बदलायचा असतो. ९४४ वाले साधारणपणे चार वर्षं किंवा ४८-५० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते धरतात. गाडी नुसती गॅरेजात उभी असली तरी रबराचं वय वाढतंच.

इकडे तासावर भाड्यानं मिळणारी वर्कशॉप असतात. लिफ्ट त्यांची, हत्यारं त्यांची, काळे हात आपले. मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस पूर्ण घेतले, कारण मीटर चालू असताना माणूस शेवटची तपासणी गाळतो, आणि या कामात सगळं काही त्या शेवटच्या तपासणीतच असतं.

बॅटरीची तार काढली, कूलंट उतरवलं, रेडिएटरचे पंखे बाहेर काढले. स्पार्क प्लगही काढले, म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. मग पहिलं महत्त्वाचं काम : एक नंबरचा पिस्टन अगदी वर आणायचा. इंजिनाच्या मागच्या टोकाशी एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून बॅटरी मारून फ्लायव्हील बघत बसायचं आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. पुसट कोरलेली 'ओटी' ही अक्षरं येतात. ओटी म्हणजे जर्मनमध्ये वरचा मृतबिंदू. तिथे थांबायचं. त्याच वेळी वर कॅमच्या चक्रावरची खूणही झाकणावरच्या खाचेसमोर असली पाहिजे. नसेल तर क्रँकची आणखी एक फेरी. इथे मी बाबांचं ऐकलं : दोन्ही पट्ट्यांवर आणि सगळ्या चक्रांवर पांढरे ठिपके.

क्रँकचा मुख्य बोल्ट २१० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. फ्लायव्हीलच्या दातांत लॉक अडकवल्याशिवाय तो हलत नाही. मला पाइप लावून दोनदा लोंबकळावं लागलं.

आणि मग तो पुढचा पट्टा. चार सिलिंडरचं इंजिन जितकं मोठं तितकं ते थरथरतं. पिस्टनच्या चालीमुळे क्रँकच्या दुप्पट वेगाची एक थरथर उठते. तिला मारायला इंजिनाच्या दोन बाजूंना दोन दंड बसवलेले आहेत. त्यांचं वजन मुद्दाम एका कडेला, वेग क्रँकच्या दुप्पट, आणि दिशा एकमेकांच्या उलट. कल्पना मूळ इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरची, पण पोर्शेला ती मित्सुबिशीकडून परवान्यावर घ्यावी लागली. दोन्ही शाफ्ट उलटसुलट फिरवायचे म्हणून या पट्ट्याला दोन्ही अंगांना दात.

तो हातात घेतला आणि मला पावती आठवली. पाठीवरची अक्षरं पुसून गेलेली, दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा, एका कडेचे धागे सुटलेले. त्याच्या मागचा टायमिंगचा पट्टा मात्र बराच नवा, अक्षरं वाचता येण्यासारखी. पुढचा उतरवल्याशिवाय मागच्याला हात लागत नाही. म्हणजे कुणीतरी हा म्हातारा पट्टा काढला, बाकावर ठेवला, मागचा नवा घातला, आणि म्हाताऱ्याला पुन्हा कामावर पाठवलं. पावती खोटी नव्हती, 'टायमिंग बेल्ट' असंच तिच्यावर होतं. पण हा पट्टा तुटला की त्याची लक्तरं मागच्यात अडकतात आणि त्यालाही घेऊन जातात. किती रुपये वाचले असतील त्या माणसाचे? एका बऱ्या जेवणाचे.

पट्टे उतरल्यावर मागचं अंगण दिसतं, आणि तिथे तेल असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. क्रँकचा आणि बॅलन्स शाफ्टचे सील म्हातारे झाले की पाझरतात, आणि तेलानं पट्ट्याचं रबर फुगतं. पाण्याचा पंपही याच टायमिंगच्या पट्ट्यावर फिरतो, तो जॅम झाला तरी पट्टा गेलाच. मी सील, रोलर आणि पंप सगळं नवं घातलं. एवढं उघडल्यावर पंप जुना ठेवणं म्हणजे त्या पावतीवाल्याचाच धडा गिरवणं. नवा पट्टा दुमडायचा नाही, उलटा पिळायचा नाही. आतले काचेचे तंतू वाकवलेले खपवून घेत नाहीत.

ताणाचं प्रकरण नाजूक आहे. १९८७ पासूनच्या गाड्यांत स्प्रिंग आहे, माझ्या गाडीत ते सगळं हातावर. पोर्शेनं यासाठी पी ९२०१ नावाचं मापयंत्र काढलं. मी ते उसनं आणलं. इंजिन गार हवं, कारण अॅल्युमिनियम तापलं की फुगतं आणि ताण वाढतो. मोजायचं, नट आवळायचा, तर आवळताना ताण बदललेला. पुन्हा ढिला, पुन्हा मोज. यातच दुपार गेली. जुन्या मंडळींची ढोबळ परीक्षा म्हणजे पट्टा लांब पडतो तिथे दोन बोटांत धरून पाव वळसा पिळून बघायचा. मापाशी ताडून बघायला ती ठीक, मापाऐवजी नको.

पुढच्या पट्ट्याची रीत उलटी. तो थोडा सैलच हवा. त्याच्या एका रोलरला तर तो टेकतही नाही, मध्ये अर्ध्या ते एक मिलिमीटरची फट ठेवायची. नवखा माणूस ती फट बघून 'अरे, राहिलंच' म्हणतो आणि रोलर दाबून बसवतो. मग इंजिन शिट्टीसारखं गातं. मीही दाबणार होतो, फीलर गेज हातात होता म्हणून वाचलो.

मग शेवटची तपासणी. क्रँक हातानं, घड्याळाच्या दिशेनंच, पूर्ण दोन फेरे. उलटा कधीच नाही, पट्टा दात सोडू शकतो. दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, बॅलन्स शाफ्टच्या चार, आणि चक्रांवरच्या सगळ्या खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. वाटेत कुठे टणक अडलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. माझी कॅमची खूण आली, ओटी आली, खालच्या बॅलन्स शाफ्टचा ठिपका मात्र एक दात पुढे. ते पुन्हा उतरवलं. हे टायमिंगच्या पट्ट्यावर झालं असतं तर? आणि तासाचा मीटर चालू असता तर?

रविवारी संध्याकाळी पाच वाजता किल्ली फिरवली. दोन सेकंद स्टार्टर, मग इंजिन. आरसा थरथरत नव्हता. बाबांना फोनवर आवाज ऐकवला. ते म्हणाले, "दीड हजार किलोमीटरनंतर ताण परत बघ. नवा पट्टा बसतो." पोर्शेच्या पुस्तकातही तो पुन्हा बघायलाच सांगितलं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला आता एक पांढरी चिठ्ठी चिकटवली आहे. तारीख, किलोमीटर, आणि खाली अधोरेखित : दोन्ही पट्टे.