कार्पेटचा भाव फुटावर नाही, तासावर

न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये शनिवारची संध्याकाळ म्हणजे कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक, मुलांचा गोंधळ आणि चहाच्या तीन-चार फेऱ्या. चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका शनिवारी मी मात्र एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून कार्पेटला चिकटलेलं च्युइंगम खरवडत होतो. रात्रीचे अडीच वाजले होते. मदतीला आलेला मुलगा भिंतीला टेकून पेंगत होता. हे माझं पहिलं 'कमर्शियल' काम होतं आणि मी त्यावर भलताच खूश होतो.

त्या कामात मला नक्की किती मिळाले हे कळायला पुढे तीन आठवडे लागले. ते पुढे सांगतोच.

मी मूळचा साताऱ्याचा. इथे आलो तो सॉफ्टवेअरमध्ये. ग्रीन कार्ड हातात आलं आणि त्याच वर्षी नोकरी गेली. वयाच्या चाळिशीत पुन्हा इंटरव्ह्यू देत फिरायचा कंटाळा आला होता. म्हटलं, स्वतःचं काहीतरी करू. घरी कार्पेट धुवायला येणाऱ्या माणसाला दोन तासांत मिळणारे पैसे बघून डोक्यात किडा वळवळायला लागला. सेकंडहँड व्हॅन घेतली, एक पोर्टेबल मशीन घेतलं आणि सुरुवात केली.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. इथल्या ऑफिसांमधलं कार्पेट म्हणजे आपल्याकडे दिवाळीत गच्चीवर नेऊन झटकायचा गालिचा नव्हे. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीला चिकटवलेलं असतं. त्यामुळे ते जागेवरच धुवावं लागतं. आधी व्हॅक्यूम, मग औषधाचा फवारा, मग गरम पाणी दाबाने मारायचं आणि त्याच फटक्यात मळासकट परत ओढून घ्यायचं. वाळायला सहा ते बारा तास लागतात. म्हणून ही कामं रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच होतात.

पहिलं काम, पहिला धडा

ते ऑफिस मंडळातल्या ओळखीच्या एका गृहस्थांचं होतं. त्यांनी फोनवर विचारलं, "चार हजार स्क्वेअर फूट आहे, किती घेशील?" मी ऑफिस पाहिलंही नव्हतं. इकडे तिकडे ऐकलेलं होतं की पंधरा-वीस सेंटपासून पुढे रेट असतो. पण आपल्याच माणसाला काय रेट लावायचा? "दहा सेंट द्या," म्हटलं. चारशे डॉलर. ते लगेच हो म्हणाले. आता कळतं, समोरचा इतक्या लगेच हो म्हणाला की आपलं काहीतरी चुकलंय असं समजावं.

तिथे पोचलो तर लिफ्ट बंद. दीडेक मणाचं मशीन जिन्याने वर चढवलं. पाण्याचा नळ दुसऱ्या टोकाला. साठ खुर्च्या हलवायच्या. माझ्या मशीनला दोन वायरी आहेत आणि त्या दोन वेगळ्या सर्किटवर लावाव्या लागतात. मी दोन्ही एकाच सर्किटवर लावल्या आणि अर्ध्या ऑफिसात अंधार झाला. संध्याकाळी पाचला सुरू केलेलं काम पहाटे तीनला संपलं.

सोमवारी फोन आला. "अरे, कॉफीचे डाग परत वर आलेत." डाग खालच्या थरापर्यंत मुरलेला असला की कार्पेट वाळताना तो पुन्हा वर येतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मंगळवारी रात्री पुन्हा तीन तास, फुकट.

तीन आठवड्यांनी बायकोने जेवणाच्या टेबलावर वही उघडली. मिळाले चारशे. मदतनिसाचे 13 तास, त्याचा पगार, त्याच्यावरचा कर आणि विमा धरून तासाला 25, म्हणजे 325. औषधं आणि पेट्रोल 55. उरले 20. "सेल्स टॅक्स लावलास?" तिने विचारलं. न्यू जर्सीत या कामावर 6.625 टक्के सेल्स टॅक्स लागतो. मी तो बिलात लावलाच नव्हता. साडेसव्वीस डॉलर आता मलाच भरायचे होते.

म्हणजे 13 तास राबून वर साडेसहा डॉलर मी माझ्या खिशातून घातले होते. व्हॅनचा हप्ता आणि विमा यात धरलेलाच नाही.

"हा धंदा आहे की छंद?" बायकोने शांतपणे विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हा घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

तासाचा हिशेब

औषधं मिळतात त्या दुकानात एक इटालियन-अमेरिकन आजोबा भेटायचे. चाळीस वर्षं याच धंद्यात. त्यांना मी विचारलं, रेट किती लावू? ते म्हणाले, "फुटाचा रेट गिऱ्हाइकाला सांगायचा. आपण स्वतः तासाचा हिशेब करायचा. तुझा एक तास तुला केवढ्याला पडतो, ते आधी मला सांग." मला सांगता येईना.

घरी जाऊन हिशेब मांडला, तो असा. मदतनीस तासाला 25. माझी स्वतःची मजुरी 35. व्हॅन, पेट्रोल, विमा, फोन, औषधं, मशीनची झीज आणि दुरुस्ती मिळून महिन्याला 2,400. आता महिन्यात मी कितीही धावपळ केली तरी प्रत्यक्ष बिल लागतं असे तास जेमतेम 80. बाकीचे गाडी चालवण्यात, फोनवर आणि कोटेशन देण्यात जातात. 2,400 भागिले 80, म्हणजे तासाला 30. एकूण 90. त्यावर 20 नफा, म्हणजे मशीन बंद पडलं किंवा जानेवारीत बर्फामुळे काम थांबलं तर त्यासाठीची तरतूद. झाले 110.

आम्हा दोघांचा एक तास म्हणजे 110 डॉलर. हा आकडा पहिल्यांदा लिहिला तेव्हा मलाच लाज वाटली. पण त्यातली एकही रक्कम खोटी नव्हती.

पुढचा प्रश्न, तासात काम किती होतं? मोकळा हॉल असेल तर आम्ही तासाला 600 चौरस फूट करतो. टेबलं, खुर्च्या, क्युबिकल्स दाटीवाटीने असतील तर 400. म्हणजे मोकळ्या जागेचा भाव येतो 18 सेंट आणि दाटीच्या जागेचा साडेसत्तावीस. माणसं तीच, मशीन तेच, भाव मात्र दीडपट. "तुमचा रेट काय?" असं फोनवर कुणी विचारलं तर एका आकड्यात उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

शिवाय प्रत्येक कामाला सामान चढवणं, पाइप लावणं, परत आवरणं यात एक तास जातोच. म्हणून छोट्या कामालाही माझं किमान बिल 225 डॉलर आहे. एका खोलीसाठी बोलावलंत तरी तेवढंच.

पहिलं ऑफिस या हिशेबात घालून पाहिलं. दाटीची जागा, 10 तास, वर एक तास मांडामांड. 1,210 डॉलर. मी घेतले होते चारशे.

जागा पाहिल्याशिवाय आकडा नाही

आता मी फोनवर भाव सांगत नाही. आधी जाऊन बघतो. गाडी कुठे लागेल, लिफ्ट चालू आहे का, नळ किती लांब, प्लग कुठे, फर्निचर कोण हलवणार, च्युइंगम आणि जुने डाग किती, कार्पेट लोकरीचं की नायलॉनचं. जे डाग जाणार नाहीत ते आधीच दाखवून कोटेशनमध्ये लिहून देतो. मोठ्या इमारतींचे मॅनेजर दहा लाख डॉलरच्या विम्याचं सर्टिफिकेट मागतात. ते तयार ठेवतो. घरगुती गिऱ्हाईक काम झाल्याबरोबर पैसे देतं, ऑफिसं तीस दिवसांनी देतात, आणि मदतनिसाचा पगार दर शुक्रवारी द्यावाच लागतो. ती तजवीजही आधीच करावी लागते.

आणि माप स्वतः घेतो. याचा फायदा कसा होतो ते सांगतो. गेल्या वर्षी एका ऑफिसने कोटेशन मागितलं. "बारा हजार स्क्वेअर फूट," मॅनेजर म्हणाली. हा भाडेकरारातला आकडा. त्यात लॉबी, पॅसेज, टॉयलेट यांचा हिस्साही धरलेला असतो. मी लेझरने मोजलं तर कार्पेट भरलं 8,800. त्यातलं 4,800 मोकळं आणि 4,000 दाटीचं. आठ तास आणि दहा तास. शनिवार-रविवार दोन दिवसांची मांडामांड दोन तास. एकूण 20 तास, 2,200 डॉलर, टॅक्स वेगळा. फुटाला 25 सेंट.

दुसऱ्या कंपनीचा भाव 20 सेंट होता, पण बारा हजारांवर. म्हणजे 2,400. मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि काम मला दिलं. फुटाला मी महाग होतो, बिलात स्वस्त.

कुणी घासाघीस केली तर आजोबांचा दुसरा सल्ला आठवतो: भाव कमी करायचा नाही, काम कमी करायचं. बजेट नसेल तर फक्त दरवाजाजवळचा आणि पॅसेजचा भाग धुवून देतो, कारण बहुतेक पावलं तिथूनच जातात. किंवा कमी पाण्याची, औषध घासून वाळल्यावर व्हॅक्यूम करायची पद्धत सुचवतो. ती खोलवर जात नाही, पण काम झटपट होतं आणि कार्पेट एक-दोन तासांत वाळतं. दर तीन महिन्यांचा करार केला तर दहा टक्के सूट देतो. वेळच्या वेळी धुतलं की मळ कमी साचतो आणि माझाही वेळ वाचतो, म्हणून ती परवडते.

भिडेची किंमत

मंडळातल्या त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी जागा नीट बघून 1,210 चा कागद दिला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "गेल्या वेळी चारशे होते." म्हटलं, "गेल्या वेळी माझं चुकलं होतं." पॅसेजपुरतं काम करायची तयारी दाखवली. त्यांना पटलं नाही. त्या वर्षी गणपतीत प्रसाद घेताना ते माझ्याशी जेमतेम बोलले. आजही संबंध तसे थोडे अवघडलेलेच आहेत. याला दोष त्यांचा नाही. चारशेची सवय मीच लावली होती. शिवाय त्यांनी चार लोकांना "हा स्वस्तात करतो" असं कौतुकाने सांगितलं होतं आणि त्या चौघांनाही मला नाही म्हणावं लागलं.

इथे ढोकळ्याच्या ऑर्डरी घेणाऱ्या, मुलांचे क्लास घेणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या कितीतरी ओळखीच्या बायकांना मी आता एकच विचारतो: त्यात तुमचा वेळ धरलाय का? बहुतेकींनी धरलेला नसतो.

माझे वडील, आप्पा, साताऱ्यात रंगकामाचे ठेके घ्यायचे. गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा माळ्यावर त्यांच्या जुन्या वह्या सापडल्या. सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं. चुना, डिस्टेंपर, ब्रश, शिडीचं भाडं, प्रत्येक गड्याची रोजची हजेरी. गड्यांच्या बरोबरीने शिडीवर चढणाऱ्या आप्पांची स्वतःची हजेरी मात्र तीस वर्षांच्या वह्यांत कुठेच नाही. लहानपणी मला कायम प्रश्न पडायचा, आप्पांना काम इतकं असतं, मग आमच्याकडे पैसे का नसतात?

परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "ब्रासला किती घेतोस रे?" आपल्याकडे शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास. मनात हिशेब केला. "पंचवीस डॉलर, आप्पा."

त्यांनी त्याचे रुपये केले असावेत. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जास्तच आहेत की. देतात लोक?"

"काही देतात. काही नाही देत."

"मग जे देतात त्यांचं काम नीट कर," आप्पा म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.