कमरेला बंदूक नाही, हातात खडू आहे!

अमेरिकेतलं एखादं मध्यम शहर. सिग्नलपाशी एका गाडीचा बंपर दुसरीला लागतो. कुणाला खरचटलेलं नसतं, पण दोन्ही ड्रायव्हर हादरलेले असतात. फोन केल्यावर गणवेशातली एक तरुणी येते. तिच्याकडे वायरलेस, कॅमेरा आणि फॉर्मचा गठ्ठा असतो, पण बंदूक नसते. ही ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर’, थोडक्यात सीएसओ. पोलीस खात्याच्या जिन्याची ही पहिली पायरी. तिच्या नोकरीतल्या या काही भन्नाट गोष्टी!

फरक एका शपथेचा
तिकडे पोलीस अधिकारी रुजू होताना शपथ घेतो आणि त्याबरोबर त्याला अटकेचे अधिकार मिळतात. सीएसओ ही शपथ घेत नाही. पगार खात्याचाच, गाडीही खात्याची. पण पोलिसासारखी अटक करता येत नाही. लोकांची गफलत होऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी शर्टाचा रंगही वेगळा ठेवतात.

कल्पना जन्मली 1967 मध्ये
राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1965 मध्ये गुन्हेगारीवर एक आयोग नेमला. त्याचा अहवाल फेब्रुवारी 1967 मध्ये आला. पोलिसांत तीन स्तर असावेत आणि सर्वांत खालचा स्तर सीएसओचा असावा, ही त्यातली एक शिफारस. वस्तीतली तरुण मुलं, विशेषतः अल्पसंख्याक समाजातली, बिनहत्यारी कामावर घ्यायची, कामाबरोबर शिकवायची आणि पुढे पोलीस होऊ द्यायची. ज्या गल्लीत पोलिसांवर भरवसा नाही, त्याच गल्लीतलं पोर गणवेशात दिसलं तर दारं उघडतील, हा त्यामागचा विचार. मला तो आजही मोलाचा वाटतो.

18 ते 21 : अडलेली तीन वर्षं
अनेक खात्यांत पोलीस व्हायला 21 वर्षं पूर्ण लागतात. शाळा मात्र 18 व्या वर्षी संपते. मधली तीन वर्षं ध्येयवेड्या मुलाने करायचं काय? सीएसओची नोकरी! बहुतेक ठिकाणी बारावीइतकं शिक्षण, ड्रायव्हिंग लायसन्स आणि कसून केलेली चारित्र्य पडताळणी, एवढ्यावर दार उघडतं.

दिवसभराची यादी ऐका
अपघाताचा रिपोर्ट लिहिणं. सिग्नल बंद पडला की चौकात उभं राहून वाहतूक सोडणं. सापडलेली पाकिटं आणि सायकली जमा करून घेणं. सुट्टीवर गेलेल्यांच्या घरावरून चक्कर मारणं. काही ठिकाणी तर बाळाची खुर्ची गाडीत नीट बसवून देणंही यांच्याकडेच! रस्ता अडवायला शंकूंच्या जोडीला लाल ज्योतीच्या कांड्या पेटवतात. एक कांडी साधारण 15 ते 30 मिनिटं जळते, म्हणजे तेवढ्यात काम आवरायचं किंवा दुसरी पेटवायची.

चोर पसार, आता काम सुरू
घरफोडी झाली आणि चोर केव्हाच निघून गेला, की कित्येक शहरांत सीएसओलाच पाठवतात. खिडकीच्या काचेवर मऊ ब्रशने बारीक पूड फिरवायची, ठसा उमटला की पारदर्शक टेपने उचलायचा आणि कार्डावर चिकटवायचा. हात हलका हवा. ब्रश जोरात फिरला तर ठसाच पुसला जातो. आणि घर लुटलं गेलेल्या माणसाचं शांतपणे ऐकून घेणं, हेही त्याच कामात आलं.

खडूची खूण कोर्टात गेली
कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ शहरांत रस्त्यावर गाडी 72 तासांहून जास्त एकाच जागी ठेवता येत नाही. गाडी हलली की नाही हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे टायरवर खडूची रेघ. मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहरात पार्किंगच्या 15 पावत्या मिळालेल्या एका महिलेने या रेघेविरुद्ध दावा लावला : ही तर वॉरंटशिवाय घेतलेली झडती! 2019 मध्ये संघीय अपील न्यायालयाने तिची बाजू उचलून धरली. 2022 मध्ये सॅन डिएगोच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने नेमका उलटा कौल दिला. एका पांढऱ्या रेघेवर एवढी राज्यघटना!

रात्रीची सोबत
बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थीच सीएसओ होतात. रात्री लायब्ररीतून एकट्याने निघायला धाकधूक वाटली तर बोलवा. ते पायी घरापर्यंत सोडायला येतात. या सेवेचं नाव ‘बेअरवॉक’. अशी सोय तिकडच्या इतरही अनेक विद्यापीठांत असते. घरातलं कुणी शिकायला निघालं असेल, तर पहिल्याच आठवड्यात तो नंबर फोनमध्ये ठेवायला आवर्जून सांगा.

सिॲटलचं पुनरागमन
सिॲटलने 1971 मध्ये सीएसओ नेमले. 2004 मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि योजना गुंडाळली. 2019 मध्ये शहराने ती पुन्हा सुरू केली. मधल्या 15 वर्षांत शेजाऱ्यांची भांडणं, बेघरांच्या अडचणी, घर सोडून गेलेली मुलं हे प्रश्न काही रजेवर गेले नव्हते.

लंडनचे निळ्या पट्टीवाले
इंग्लंड आणि वेल्समध्ये 2002 च्या पोलीस सुधारणा कायद्याने असंच पद आणलं : पीसीएसओ. पोलिसाच्या टोपीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, यांच्या टोपीला निळी पट्टी. अधिकार दिलेला असेल तर ते संशयिताला 30 मिनिटं थांबवून ठेवू शकतात. तेवढ्यात खरा पोलीस पोचायला हवा!

आणि आपले पोलीस पाटील
योगायोग पाहा. अमेरिकेत तो अहवाल आला त्याच 1967 साली आपल्याकडे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम झाला. पिढीजात पाटीलकी मागे पडली आणि नेमणुकीचा, मानधनावर काम करणारा पोलीस पाटील आला. दोघांचे अधिकार वेगळे, रचना वेगळी. पण गावातलाच ओळखीचा माणूस ठाण्याशी दुवा असावा, ही गरज दोन्हीकडे सारखीच.

शेवटी, त्या सिग्नलपाशी
तिने फोटो काढले, दोघांचे विम्याचे कागद पाहिले, हातात रिपोर्टचा नंबर दिला. रागावलेले आवाज एव्हाना खाली आले होते. आणि बंपरच्या पोच्यासाठी ज्याला यावं लागलं असतं, तो गस्तीवरचा पोलीस तेवढा वेळ मोकळा राहिला. त्या वेळेत शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी जिवाच्या आकांताने फोन आला, तर तो लगेच निघू शकतो. पहिल्या पायरीवरच्या या नोकरीची खरी कमाई ही आहे.