महागड्या इलेक्ट्रिक मोटारीचे जादा पर्याय: समर्थन कसे तपासावे?

सीमांत उपयोगिता, संधी खर्च आणि मूल्यभेद या संकल्पना तुम्ही पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचल्या असतील. आलिशान इलेक्ट्रिक मोटार घेणाऱ्यासमोर जो पर्यायांचा तक्ता येतो, त्यात त्या तिन्ही एकत्र भेटतात. गाडी ठरलेली असते. मग विचारणा सुरू होते: मोठी बॅटरी हवी का? जास्त वेग? आपोआप चालण्याची सोय? यातला प्रत्येक पर्याय घेण्यासाठी ग्राहकाजवळ काही ना काही कारण असते. पण बरेचदा निर्णय आधी होतो आणि कारण मागाहून शोधले जाते. कोणते कारण टिकते आणि कोणते टिकत नाही, हे या पाठात टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या गाडीच्या आधारे पाहू. या गाडीचे पर्याय आणि त्यांच्या किमती अमेरिकेत जाहीर झालेल्या असल्यामुळे हिशेब उघडपणे मांडता येतो.

जुलै २०१५ मध्ये टेस्लाने ‘लुडिक्रस’ नावाचा पर्याय आणला. किंमत १०,००० डॉलर. तोवरच्या सर्वांत वेगवान मॉडेल एसला शून्यावरून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला ३.१ सेकंद लागत. या पर्यायाने ती वेळ २.८ सेकंदांवर आली. म्हणजे ०.३ सेकंदासाठी दहा हजार डॉलर. आता घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आठवा. दहा सेकंदांवरून सात सेकंदांवर येणे रस्त्यावर जाणवते, ट्रकला ओलांडून पुढे जाताना उपयोगीही पडते. ३.१ वरून २.८ वर येण्याने रोजच्या प्रवासात काय बदलेल, हे सांगणे कठीण आहे. तरीही हा पर्याय घेणारे होते, आणि ते अडाणी नव्हते. मग हे घडते कसे?

१९८१ मध्ये एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काह्नेमन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर २० मिनिटांच्या अंतरावरील दुकानात ५ डॉलरने स्वस्त मिळतो, तर तिथे जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. तोच कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा आहे असे सांगितल्यावर मात्र २९ टक्केच तयार झाले. वाचणारे ५ डॉलर तेच, लागणारी २० मिनिटे तीच. लोकांनी रकमेकडे न पाहता रकमेचे किमतीशी असलेले प्रमाण पाहिले. लाखभर डॉलरच्या गाडीपुढे दहा हजार डॉलर असेच छोटे दिसतात. ‘एवढी गाडी घेतोय, मग एवढ्याने काय होते?’ हे वाक्य आपल्याकडच्या लग्नघरातही तुम्ही ऐकले असेल. रिचर्ड थेलर यांनी या प्रवृत्तीचा अभ्यास ‘मानसिक हिशेब’ या नावाखाली केला. पैसा एकच असला तरी आपण मनात त्याची वेगवेगळी खाती करतो, आणि ‘गाडी’ या खात्यात गेलेला पैसा घरखर्चाच्या खात्यातल्या पैशाइतका जड वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे संधी खर्च. दहा हजार डॉलरची तुलना गाडीच्या किमतीशी करू नका. त्या पैशात दुसरे काय मिळाले असते त्याच्याशी करा. कर्ज काढले असेल तर तुलना अधिकच आवश्यक, कारण मासिक हप्ता रकमेला आणखी लहान करून दाखवतो. दहा हजार डॉलर ६ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १९३ डॉलर येतो. ‘महिन्याला फक्त १९३’ हे ऐकायला सोपे आहे; एकूण परतफेड मात्र सुमारे ११,६०० डॉलरची.

तक्ता कसा मांडला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. पार्क, जुन आणि मॅकिनिस यांच्या २००० सालच्या संशोधनात काही जणांना साध्या मॉडेलमध्ये पर्याय जोडायला सांगितले, तर काहींना सर्व सोयींनी भरलेल्या मॉडेलमधून नको ते काढायला सांगितले. काढणाऱ्यांनी अधिक पर्याय ठेवले. हातात आलेली वस्तू सोडणे तोट्यासारखे वाटते. यालाच हानी-विमुखता म्हणतात. म्हणून सुरुवात नेहमी सर्वांत साध्या मॉडेलपासून करावी, विक्रेता कुठूनही करो.

आता बॅटरीकडे वळू. वेगापेक्षा हा पर्याय समर्थनीय वाटतो, कारण एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाता येते हा इलेक्ट्रिक गाडीतला खरा प्रश्न आहे. पण २०१६ चे मॉडेल एस ६० पाहा. ६६,००० डॉलरपासून मिळणाऱ्या या गाडीत प्रत्यक्षात ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी बसवलेली होती. सॉफ्टवेअरने ती ६० वर रोखलेली होती. सुमारे ९,००० डॉलर भरले की कुलूप उघडे आणि जवळपास ४० मैल जास्त. कंपनीचा त्यावरचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य, कारण वस्तू आधीच गाडीत होती. एकच वस्तू, पण ज्याची देण्याची तयारी जास्त त्याच्याकडून जास्त घ्यायचे. मूल्यभेदाचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या अशा गाड्यांची पूर्ण क्षमता कंपनीने तात्पुरती खुली केली, तेव्हा ही गोष्ट जगभर ठाऊक झाली.

म्हणून ‘महाग आहे म्हणजे बनवायला खर्च येत असेल’ हे समर्थन बाद. उरतो तुमचा उपयोग. समजा, ते जादा ४० मैल तुम्हाला वर्षातून १२ वेळाच लागतात आणि गाडी ८ वर्षे वापरणार आहात. एकूण ९६ प्रवास. प्रत्येकी सुमारे ९४ डॉलर. एवढे देऊन वाटेतला एक चार्जिंगचा थांबा टळतो. हे कुणाला परवडेल, कुणाला नाही. पण आता निदान नेमका प्रश्न समोर आहे. दर आठवड्याला लांब जाणाऱ्या माणसाचे उत्तर वेगळे येईल, आणि ते बरोबरच असेल.

आणखी एक कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते: हा पर्याय नंतर घेता येईल का? मोठी बॅटरी प्रत्यक्ष बसवून घ्यायची असेल तर निर्णय खरेदीच्या वेळीच करावा लागतो. सॉफ्टवेअरचा पर्याय मात्र थांबू शकतो, आणि थांबण्यालाही मूल्य असते, कारण मधल्या काळात माहिती वाढते. टेस्लाच्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या पर्यायाची किंमत पुढे वाढत जाईल, असे इलॉन मस्क वारंवार जाहीरपणे सांगत. २०१६ मध्ये त्यासाठी ३,००० डॉलर, शिवाय आधी ५,००० डॉलरचा ‘एन्हान्स्ड ऑटोपायलट’ घ्यावा लागे, मिळून ८,०००. २०२२ मध्ये अमेरिकेत किंमत १५,००० वर गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० वर आली. मधल्या काळात त्यात काय मिळते हे बदलत गेले, त्यामुळे तुलना ढोबळ आहे. तरी ‘आता घेतले नाही तर महाग पडेल’ या समर्थनाचे काय झाले, ते दिसतेच.

लुडिक्रस घेणाऱ्यांना काय मिळाले, हा प्रश्न उरतो. त्या गाडीच्या मागील नावाच्या चिन्हाखाली एक आडवी रेघ असे. ज्याला कळायचे त्याला कळे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची चर्चा केली होती. प्रतिष्ठेसाठी खर्च करणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. ती एक उपयोगिताच आहे. फक्त तिचा हिशेब प्रतिष्ठा म्हणून मांडा, सुरक्षितता किंवा गुंतवणूक म्हणून नाही.

सरावासाठी: नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांचा वेग वाढवणारी सोय वर्षाला १,२०० डॉलर वर्गणीने देण्याची घोषणा केली. (अ) पाच वर्षे गाडी वापरणाऱ्याला ही सोय एकूण किती डॉलरना पडेल? (आ) एकदाच पैसे देण्यापेक्षा वर्गणीत ग्राहकाला थांबण्याचे मूल्य कसे मिळते? (इ) यात मूल्यभेद आहे का? सीमांत खर्चाच्या आधारे उत्तर लिहा.