दुरंगी फिलोडेंड्रॉन : घरातील लोंबत्या वेलीची निगा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस फोंडा तालुक्यातील एक शिक्षिका टांगती कुंडी हातात धरून प्रस्तुत लेखकाकडे आल्या. वेल चांगली दोन हात वाढलेली, पाने टवटवीत. परंतु बाईंचा चेहरा मात्र उतरलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती रोपवाटिकेतून आणली, तेव्हा प्रत्येक पानाच्या मध्यावर पिवळसर पोपटी पट्टा होता. आता शेवटची दहा-बारा पाने निव्वळ हिरवी निघाली होती. रंग परत आणणारे म्हणून एका दुकानदाराने दिलेल्या टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या होत्या. 'आता कोणते खत घालू?' असा त्यांचा प्रश्न होता. खत नको, कात्री हवी, हे उत्तर ऐकून त्यांना प्रथम विश्वासच वाटला नाही. असाच प्रश्न इतरही अनेकांना पडत असल्यामुळे या वेलीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे उचित होईल.

फिलोडेंड्रॉन हे नाव ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ 'वृक्षावर प्रेम करणारा' असा आहे. मेक्सिको, वेस्ट इंडीज बेटे व दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश हे तिचे माहेर. तेथील दाट अरण्यात ही वेल झाडाच्या बुंध्याला हवाई मुळांनी बिलगून वर चढते. हृदयाच्या आकाराची पाने असलेल्या जातीला शास्त्रीय परिभाषेत फिलोडेंड्रॉन हेडरेसियम म्हणतात, व तिचाच हिरव्या-पिवळ्या पानांचा प्रकार 'ब्राझील' या नावाने विकला जातो. त्या देशाच्या ध्वजातील रंगांशी असलेले साम्य हे या नावाचे कारण. वनस्पतिकुल मात्र आपल्या परिचयाचेच आहे. अळू, सुरण, पावसाळ्यात उगवणारे तेरे ही सारी याच कुलातील मंडळी होत. ही ओळख केवळ कुतूहलाची नाही, हे पुढे दिसून येईल.

पुष्कळ घरांत या वेलीला सरसकट 'मनी प्लांट' म्हणतात. वास्तविक मनी प्लांट ही त्याच कुलातील वेगळी वेल असून ती मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची आहे. दोहोंतील भेद ओळखणे अवघड नाही. फिलोडेंड्रॉनचे नवे पान एका पातळ आवरणातून बाहेर पडते व ते आवरण पुढे सुकून गळते; मनी प्लांटला असे आवरण नसते, त्याचे नवे पान आधीच्या पानाच्या देठालगत सुरळीच्या रूपाने फुटते. शिवाय मनी प्लांटचे पान जाडसर व मेणचट आणि देठ पन्हळीसारखे खोलगट असते. फिलोडेंड्रॉनचे पान मऊ, पातळ व देठ बहुतांशी गोल असते. निगा दोघांचीही जवळपास सारखीच असल्याने नावात चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. चोरून आणलेली वेल धनलाभ करून देते ही समजूत मात्र शेजाऱ्यांच्या कुंड्यांना महागात पडते, एवढेच.

आता रंगाविषयी. पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा. दुरंगी वेलीच्या वाढत्या टोकात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात : काही पुरेसे हरितद्रव्य तयार करणाऱ्या, काही ते न करणाऱ्या किंवा अत्यल्प करणाऱ्या. पान घडताना ज्या पेशी जेथे येतात तेथे तो रंग उमटतो. म्हणून कोणतीही दोन पाने हुबेहूब सारखी नसतात. एखादे वेळी टोकाशी फक्त हिरव्या पेशी उरतात, आणि तेथून पुढची फांदी पूर्ण हिरवी होते. हिरव्या भागाला अन्न अधिक मिळत असल्याने तो भरभर वाढतो आणि दुरंगी फांद्यांना मागे टाकतो. याउलट संपूर्ण पिवळी फांदी देखणी दिसली तरी ती स्वतःचे अन्न पुरेसे बनवू शकत नाही व बहुधा खुरटते.

यावरून ध्यानात येईल, की हा पेशींच्या मांडणीचा प्रश्न आहे, पोषणाचा नव्हे. कोणतेही टॉनिक ती मांडणी बदलू शकत नाही. हिरवी झालेली फांदी शेवटच्या दुरंगी पानापर्यंत मागे छाटावी. छाटण्यापूर्वी खोडही न्याहाळावे. त्यावरही पिवळसर रेघा असतात. ज्या पेरावर अशी रेघ डोळ्याजवळून जाते त्या डोळ्यातून दुरंगी फुटवा येण्याचा संभव अधिक. हमी कोणीच देऊ शकत नाही.

उजेडाने गेलेला रंग परत येत नसला, तरी असलेला रंग खुलतो. अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टे निस्तेज होतात, पाने लहान निघतात व दोन पानांमधील अंतर वाढून वेल विरळ दिसू लागते. पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील खिडकी, अथवा ओसरीवरील सावलीची परंतु उजळ जागा हिला मानवते. चैत्र-वैशाखातील दुपारचे ऊन पानांवर थेट पडल्यास प्रथम पिवळा भागच करपतो. आपल्या किनारपट्टीची उष्ण व दमट हवा हिच्या मायदेशासारखीच असल्यामुळे पानांवर वारंवार पाणी फवारण्याची येथे आवश्यकता नाही. वातानुकूलित कचेरीत ठेवलेली कुंडी मात्र यंत्राच्या झोतापासून दूर असावी.

घरात मरणाऱ्या बहुतेक वेली तहानेने नव्हे, अतिपाण्याने मरतात. मुळांना ओलाव्याइतकीच हवेची गरज असते. माती सतत चिंब राहिली की मुळे कुजतात. मग पाणी शोषले न गेल्याने पाने मलूल होतात, आणि ती पाहून घरची माणसे आणखी पाणी घालतात! यास्तव पाण्याचे वेळापत्रक न ठरवता बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे. तेवढी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे व ते तळाच्या छिद्रातून वाहून जाईपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात हे अंतर तीन-चार दिवसांचे, तर आषाढ-श्रावणात दहा-बारा दिवसांचेही असू शकते. खालची एक-दोन जुनी पाने पिवळी पडणे स्वाभाविक आहे. अनेक पाने एकदम पिवळी होऊन मातीस कुबट वास येत असेल, तर वेल उपटून काळी, मऊ पडलेली मुळे कापून टाकावी व नव्या मातीत लावावी.

नुसती तांबडी जांभ्याची माती कुंडीत घट्ट बसते. तिच्यात तितकाच नारळाच्या सोडणाचा भुसा, थोडे कुजलेले शेणखत, जाड वाळू व लोणारी कोळशाचे लहान तुकडे मिसळावे. सोडणाच्या भुशात क्षार असतात, म्हणून तो आधी दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून निथळून घ्यावा. छिद्र नसलेल्या शोभेच्या कुंडीत ही वेल कधीही लावू नये. खत वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, तेही वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे, पुरे होते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास ते पिठ्या ढेकूण समजावे. स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावे.

ही वेल पाण्याच्या बाटलीतही जगते, आणि येथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उपस्थित होतो. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. बाटलीतील पाणी, कुंडीखालची बशी, टांगत्या कुंडीचा बाहेरील डबा ही त्याची आवडती ठिकाणे. उष्ण हवेत अंड्यापासून डास बाहेर पडण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणे म्हणूनच अनिवार्य आहे. पण तेवढ्याने भागत नाही. अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात व कोरड्या स्थितीतही ती कित्येक महिने टिकतात. भांडे आतून घासून धुतले तरच उपयोग. शाळांच्या वर्गांत व कचेऱ्यांच्या मेजांवर दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत बाटल्या तशाच राहून जातात. सुटीपूर्वी त्या रिकाम्या करण्याचे काम कोणावर तरी नेमून द्यावे. बशीत वाळू भरून ठेवणे हाही सोपा उपाय आहे.

दुसरी खबरदारी मुलांसंबंधी. तेऱ्याची भाजी आंबाडे किंवा भिरंडाची सोले घातल्यावाचून आपल्याकडे कोणी करीत नाही, कारण घसा खवखवतो. त्या खाजेचे कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक फिलोडेंड्रॉनच्या पानांत व खोडातही असतात. रांगत्या मुलाने पान चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ व जीभ सुजते. अशा वेळी तोंडातील तुकडे काढून तोंड पाण्याने धुवावे व थंड पाणी किंवा दूध घोट घोट पाजावे. उलटी करवू नये. सूज घशाकडे पसरत असेल किंवा श्वासास त्रास होत असेल, तर वेळ न दवडता नजीकचे आरोग्य केंद्र गाठावे. मांजर व कुत्रा यांनाही हे पान बाधते. म्हणून लोंबती टोके मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर ठेवावी आणि छाटणीनंतर हात साबणाने धुवावे.

घरातील हवा शुद्ध व्हावी म्हणून ही वेल घेणाऱ्यांची मात्र निराशा होईल. नासा या अमेरिकन संस्थेचा १९८९ सालचा जो प्रयोग नेहमी सांगितला जातो, तो लहान, पूर्णपणे बंद पेट्यांत केलेला होता. उघड्या खिडक्यांच्या घरात तसा परिणाम साधण्यास खोलीत चालण्यास जागा उरणार नाही इतक्या कुंड्या ठेवाव्या लागतील. डोळ्यांना गारवा मिळतो, तो खरा; त्यासाठीच वेल ठेवावी.

नवी रोपे करण्यास पावसाळ्याचा आरंभ उत्तम. एक-दोन पेरांचा तुकडा कापून पेर ओल्या वाळूत पुरावे. दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. पेर नसलेले नुसते पान पाण्यात हिरवे राहील, पण त्यातून वेल फुटणार नाही. उरलेले तुकडे कुळागरात किंवा ओहोळाकाठी फेकू नयेत. श्रीलंका, हवाई व फ्लोरिडा येथे बागांतून निसटलेला मनी प्लांट जंगलात पसरून मोठमोठ्या झाडांवर चढला आहे. आपल्या रानांत झाडांना बिलगून वाढणाऱ्या स्थानिक वेली आहेत. त्यांच्या जागेवर परक्या वेलीचे आक्रमण आपण होऊन ओढवून घेण्याचे कारण नाही. छाटलेले तुकडे उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकावे.

बाईंच्या वेलीची हिरवी फांदी त्याच दिवशी, खोडावरील पिवळी रेघ पाहून, चौथ्या पेरावर छाटली. सुमारे सहा आठवड्यांनी दोन फुटवे आले. एकाची पाने दुरंगी निघाली. दुसरा हिरवाच आला, तो पुन्हा काढावा लागला.