टेबलावर घेण्याआधी

वाशीच्या एका अंगाने शीव-पनवेल रस्ता जातो, एपीएमसी बाजारात ट्रकची रीघ असते आणि पुढे कळंबोलीहून २००२ साली पूर्ण झालेला पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. अशा रस्त्यांवर समोरासमोर धडक झाली की पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आदळतो, धक्का मांडीच्या हाडातून वर चढतो आणि त्या हाडाचा गोळा ज्या खोलगट वाटीत फिरतो ती खुब्याची वाटीच फुटते. ही वाटी स्नायू, नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आड दडलेली असते. सर्जनने कुठूनही छेद घेतला तरी तिची एकच बाजू नीट दिसते. म्हणून गेल्या साठ वर्षांत या शस्त्रक्रियेत जी प्रगती झाली, तिचा मोठा भाग हाड उघडण्याआधी ते ओळखण्याच्या प्रयत्नांचा आहे. रुग्णाच्या स्कॅनवरून त्रिमितीय प्रिंटरने छापलेलं हाडाचं मॉडेल ही त्याच वाटेवरची पायरी आहे आणि माझ्या मते ती आता मोठ्या खासगी रुग्णालयांपुरती ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

१९६४ साली ज्युडे बंधू आणि लेतूर्नेल या फ्रेंच सर्जनांनी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या एक्स-रेवरून या फ्रॅक्चरचे दहा प्रकार पाडले. ते आजही शिकवले जातात. पुढे कित्येक वर्षं सर्जन एक्स-रेवर ट्रेसिंग पेपर ठेवून तुकडे रेखाटत, कापत आणि जुळवून पाहत. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं आणि शरीराचे काप दिसू लागले, पण ते काप मनातल्या मनात एकावर एक रचण्याचं काम सर्जनकडेच राहिलं. चार्ल्स हल यांना थर रचून वस्तू घडवण्याच्या, म्हणजे त्रिमितीय छपाईच्या, यंत्राचं पेटंट १९८६ मध्ये मिळालं, तरी ही यंत्रं फार महाग होती. प्लॅस्टिकचा धागा वितळवून छापण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि टेबलावर मावणारे स्वस्त प्रिंटर आले. खाडीपलीकडे पवईत, आयआयटी मुंबईत २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे केंद्र उभं राहिलं. वैद्यकीय उपकरणांसाठी डॉक्टर आणि इंजिनिअर तिथे एका टेबलाशी बसू लागले. ती सोबत मला यंत्रापेक्षा मोलाची वाटते, कारण स्कॅनमधला प्रत्येक तुकडा वेगळा ओळखून काढायला दोघांचेही डोळे लागतात.

मॉडेल हातात आलं की आदल्या दिवशीच काम सुरू होतं. न मोडलेल्या बाजूची आरशातली प्रतिमा छापून घेतात, हाड जोडायची प्लेट त्यावर ठेवून वाकवतात, स्क्रूची लांबी मोजतात आणि तयार प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाते. मॉडेल मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही. मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून होणारं पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, म्हणून ते निर्जंतुक पिशवीत घालून थिएटरमध्ये ठेवतात.

स्क्रीनवर त्रिमितीय चित्र फिरवून दिसतंच, मग छापायचं कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. अनुभवी सर्जनला पुष्कळदा स्क्रीन पुरतेही. पण स्क्रीनवर खरी प्लेट वाकवून बघता येत नाही. आजवरच्या तुलनात्मक अभ्यासांत मॉडेल वापरल्यावर शस्त्रक्रियेचा वेळ, रक्तस्राव आणि थिएटरमधल्या सी-आर्म एक्स-रे यंत्राच्या फेऱ्या कमी झाल्याचं एकंदरीत दिसतं. रुग्ण पुढे अधिक चांगला चालतो का, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही, हेही मान्य केलं पाहिजे. तरी कमी रक्त आणि कमी भूल हा लाभ लहान नाही. छपाईला वेळ लागतो, हा दुसरा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. गोळा वाटीतून निसटलेला असेल तर तो तातडीने बसवावा लागतो, पण वाटीची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा रुग्ण स्थिरावल्यावर, काही दिवसांनी होते. रात्रभराची छपाई त्यात सहज बसते. तीन आठवडे उलटले तर मात्र तुकडे जुळवणं फार अवघड होतं. मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरला मॉडेल छापणं उधळपट्टीच ठरेल. खरी भीती वेगळी आहे. स्कॅनचे काप जाड असतील किंवा हाड ठिसूळ असेल तर पातळ भाग छपाईत गळतात, आणि मॉडेल तरीही नेटकं, पूर्ण दिसतं. नसा तर त्यात नसतातच. म्हणून मूळ स्कॅनशी ताडल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये.

खर्चाचं म्हणाल तर धागा काही शे रुपयांचा असतो. महाग असतो तो प्रशिक्षित माणूस. प्रत्येक रुग्णालयाने असा माणूस नेमावा असं म्हणणं व्यवहारी नाही. पण महापालिका आणि सरकारी रुग्णालयांना मिळून एक छपाई-कक्ष चालवता येईल, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने तो उभारावा. तोवर कुणाच्या घरी असा अपघात झाला, तर सीटी स्कॅनच्या फिल्मसोबत बारीक कापांच्या मूळ फाइलची सीडीही मागून घ्या. फिल्मवरून मॉडेल छापता येत नाही.